पेटीला पाडलेली फट

३ ऑक्टोबर १९८८
शी! फ्लॉपी ड्राइव्ह उघडली तर आत कापसाचा बोळा. त्यात बबनरावांच्या तंबाखूची पूड! हिंगणघाटच्या कापूस-जिनिंगच्या कारखान्यात संगणक आणायचा आणि त्याच्या तोंडाशी बसून तंबाखू मळायची! वजनाच्या नोंदी करायला बसवलेत हे कारकून. वर मलाच ऐकवतात, "मशीनच नाजूक हाय, आमी काय करावं?"

५ ऑक्टोबर
ठरलं. सगळीकडून बंद पेटी करायची. आत फ्लॉपी नाही, फिरणारं काही नाही — नुसत्या मेमरीच्या चिप्स आणि बॅटरी. वायर जोडली की संगणकाला वाटलं पाहिजे, ही आपली नेहमीचीच ड्राइव्ह. मालकांना, वासुदेवरावांना पटली तर चारही जिनसाठी घेणार म्हणतात. मग टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून माझी सुटका! तिथे गिऱ्हाईक माझ्याकडे बघून विचारतं, "मेकॅनिक कुठी गेला?" वीट आलाय.

१३ ऑक्टोबर
चालली!! निघताना आईने देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया माझ्या कपाळाला लावला, परीक्षेला लावायची तसा. संगणकाला कळलंसुद्धा नाही. निमूट लिहिलं, निमूट वाचलं.
अडले ते वासुदेवराव. "पोरी, फ्लॉपी कुठून घालाची?" म्हटलं, घालायचीच नाही. "भोक नाई तं ड्राइव्ह कायची? लोक म्हणतीन, वासुदेवरावले डबा देल्ला." बबनराव फिदीफिदी हसले. "फट पाडून आण. दसऱ्याच्या पूजेत चालून राह्यली तं घेतो."

१४ ऑक्टोबर
कानशीने फट पाडली. खोटी! यंत्र फसलं, पण माणसांना फसवायला अजून एक सोंग. आत काही पडू नये म्हणून फटीमागे पत्रा लावायला हवा होता. नाही लावला. रागाच्या भरात कोण लावतं?

१७ ऑक्टोबर
बबनरावांचं मत — "आता दिसते ड्राइव्हवानी." किळस येते.

२० ऑक्टोबर, दसरा
मेली. सगळ्यांसमोर.
पूजेआधी छान चालत होती. मग झुंबड! टेबलावर झेंडू, हळद, कुंकू, नारळाचं पाणी. ज्याला त्याला माझ्याच पेटीला हात लावायचा. आईला हौसेने बोलावलं होतं. तिनेही ओवाळलं. म्हणाली, "तुह्या पेटीलेच जास्त ओवाळलं वं." आरती संपली, बटण दाबलं — ड्राइव्ह सापडत नाही. पुन्हा दाबलं. नाही.
"डबा तो डबाच," वासुदेवराव म्हणाले. पेढा तेवढा दिला हातावर. मी फेकला.
उद्या पेटी उघडते. तंबाखू निघाली तर बबनरावांच्या टेबलावर नेऊन ओतते!

२१ ऑक्टोबर
कुंकू. अक्षता. आणि चिपच्या पायांवर आडवा पडलेला राणीछाप रुपया.
जिनमध्ये निरोप पाठवला — दोष माझ्याच जोडणीत होता.
रुपया आतच ठेवून झाकण लावलं. आईने विचारलं, "चालून राह्यली ना तुही पेटी?"
म्हटलं, चालते.