लुबोरची राहिलेली घंटा

मी, ओतिलिए हान्झालोव्हा, विधवा, वय एक्याऐंशी, राहणार हव्रानी ल्होत्का, घर क्रमांक चौदा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही. ते कोणाला कधी जमलेही नाही.

एक. घर, परसातली आलुबुखाराची झाडे आणि सशांची खुराडी माझी भाची दोब्रोमिला हिला. मात्र घराबरोबर समोरच्या घंटाघराचा दोरही तिच्याकडे जाईल. गावातली मरणाची घंटा चौदा नंबरच्या घरानेच वाजवायची, अशी इथली रीत आहे. घर हवे आणि दोर नको, हे चालणार नाही.

दोन. मुरंब्याची तांब्याची कढई शेजारीण यार्मिला हिला. तिने ती उसनी नेली आणि तळ जाळून परत केली. आता तिनेच घासत बसावे.

तीन. सरपंचांना काही नाही. त्यांना घंटेला मोटार बसवायची आहे. गेलेली बाई असेल तर वाजवताना मध्ये दोनदा थांबायचे, पुरुष असेल तर तीनदा. गाव त्यावरून ओळखते. दोब्रोमिलाच्या हातात बळ आहे तोवर मोटार लांब ठेवावी.

चार. माझा मुलगा लुबोर सैन्यातून परत आला आणि त्याच शरदात त्याने आमच्या कोठारात गळफास घेतला. एकोणीस वर्षांचा होता. का, ते मला अजून कळलेले नाही. स्वतःचा जीव घेणाऱ्यासाठी घंटा नाही, असा जुना नियम. तेव्हा दोर माझ्या नवऱ्याकडे, रुडोल्फकडे होता. मी त्याच्यापुढे गुडघे टेकले. तो म्हणाला, "नियम मी केलेला नाही, ओतिलिए. आज घरच्यासाठी मोडला, तर उद्या गावाला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

घंटाघराची किल्ली कमरेला अडकवून तो लुबोरच्या शवपेटीमागून चालला. आमच्यात घंटा ऐकली की पुरुष टोपी काढतात. त्या दिवशी लोक दारात उभे होते आणि काढावी की नाही, हे कोणालाच कळेना. त्यानंतर मी रुडोल्फला जेवायला वाढले, त्याचे कपडे धुतले, पण त्याला माफ केले नाही. तो गेल्यावर त्याची घंटा मीच वाजवली, नीट, तीनदा थांबून.

कोणी गेलेले नसताना घंटा झाली तर गाव घाबरून दारोदार चौकशी करत फिरते. म्हणून दोर माझ्या हाती आल्यावरही लुबोरची राहून गेली.

पाच. मी मरेन त्या दिवशीची माझी घंटा मी लुबोरला देते. दोब्रोमिलाने दोनदा नाही, तीनदा थांबावे. गाव म्हणेल, पोरगी चुकली. विचारतील त्यांना तिने त्याचे नाव सांगावे, मोठ्याने. हे ऐकून ती म्हणाली, "अगं मावशी, मग तुझ्यासाठी काय?" मी म्हटले, "मला लोक म्हातारी बिचारी गेली म्हणतील, तेवढं पुरे. त्याच्यासाठी कोणी काहीच म्हटलं नाही गं."

मला लुबोरशेजारी, दफनभूमीच्या कुंपणाच्या कडेला पुरावे. रुडोल्फशेजारची जागा रिकामी राहू द्यावी.

हव्रानी ल्होत्का, २ नोव्हेंबर २०१९
ओतिलिए हान्झालोव्हा

आमच्यासमोर सही केली:
झ्देन्का पोकोर्ना, टपाल वाटणारी, घर क्रमांक नऊ
मातोउश ब्लेहा, सुतार. लुबोरची पेटी मीच केली होती. त्या दिवशी डोक्यावर राहिलेली टोपी ही घंटा झाली की मी काढीन.