बगळ्याची मान

१२ ऑक्टो.
आई एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "शोभीले देवानं हात देल्ले, मोठीले नुसतं तोंड." मी तेव्हा बारा वर्षांची. पाहुणे हसले, मीही हसले. आज शिरपूरला, धाकट्या बहिणीच्या, शोभाच्या शिवणाच्या दुकानात, ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. आढ्याला दोऱ्यानं टांगलेला बगळा. उडता. गादीच्या खोळींच्या पांढऱ्या चेनी उघडून अंगभर बसवल्यात, पंख कॉलरीत घालतात त्या कडक बकरमच्या कातरणांचे, पाय छत्रीच्या काड्यांचे, चोच म्हणजे मोडक्या कात्रीचं पातं. शोभानं पंखा लावला. बगळा हलला.
"छान," म्हटलं.
"नुसतं छान? दोन पुस्तकं लिहिली ना वं तू!"
ब्लाऊज शिवायला टाकायला गेले होते. तसाच पिशवीत परत आला.

१३ ऑक्टो.
कालचं अर्धंच लिहिलं. मान चुकलीय. उडताना बगळा मान आखडून घेतो, पार खांद्यात. तिनं पुढे ताणलीय, सरळ. म्हशींमागं चालणारे पाहिले असतील तिनं. मी तलावाच्या काठी तासन्‌तास बसून उडते पाहिलेत. त्यांच्यावरचा एक परिच्छेद चार वर्षं लिहितेय. तिला एक पावसाळा पुरला.
सांगायला हवं होतं. फोन हातात घेतला, ठेवला. उद्या.

१९ ऑक्टो.
सांगितलं नाही.
वाशीमच्या प्रदर्शनात बगळा घेतलाय. शोभा फोनवर ओरडतच होती. "अक्का, खाली पाटी लावाची हाय. चार ओळी तूच लिहून दे. तुह्यासारखं कोण लिहिते?"
सहा वेळा लिहून खोडलं. सातव्यांदा जमलं. "आभाळाकडे झेपावणारी ही ताणलेली मान..." चांगली ओळ आहे. मुद्दाम लिहिली का?
हो.
पाठवली आणि शांतपणे भाकरी केल्या.

२६ ऑक्टो. वाशीम.
सगळी गर्दी बगळ्यापाशी. मेडशीचे एक म्हातारबुवा बराच वेळ वर बघत उभे. मग शोभाला म्हणाले, "काहून वो बाई, हा मान ताणून कायले उडून राह्यला? बगळा उडते त मान आखडून. हा त करकोचा झाला."
मागून कोणीतरी, "गळ्याचं माप चुकलं, टेलरबाई!" हशा.
शोभाही हसली. मग तिनं पाटी वाचली. सावकाश, ओठ हलवत. मग माझ्याकडे पाहिलं.
आणि त्याच बुवांनी जाताना बायकोला बगळ्याखाली उभं करून फोटो काढला! तेही टोचलं. माझ्या पुस्तकांत काय चुका नसतील? पण इतका वेळ उभं राहून कोणी एक शोधली नाही.
परतताना जीपमध्ये तिनं शेंगदाण्यांची पुडी माझ्या हातात दिली. "अक्का, तुले माईत होतं?"
"नाही."
"मंग ठीक हाय."
शिरपूरला उतरली. वळून पाहिलं नाही.

२८ ऑक्टो.
शेवटी मीच फोन केला. मशीन चालू ठेवूनच बोलली. पुढच्या महिन्यात बगळा अकोल्याला न्यायचाय. "मान उसवून टाकली. सकाळीच तलावावर जाऊन पाह्यलं. काय सुंदर घडी घालते वं तो मानेची!"
आवाजात राग शोधला. नव्हता, किंवा मशीनच्या खडखडाटात मला ऐकू आला नाही. भांडली असती तर सुटले असते. आता बगळा आणखी देखणा होणार. अजूनही पहिल्यांदा हेच मनात येतं, याची लाज...

३० ऑक्टो.
उद्या शिरपूर. बोलायचं ते लिहून ठेवते, ऐन वेळी भलतंच बोलेन.
शोभे, मले माईत होतं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. जीपमध्ये खोटं बोलली मी. तुह्या चुकीचीच तारीफ लिहिली पाटीवर, कायले, तर बगळा तुनं केल्ता, म्या नाई. तू नाहीच म्हणशीन, म्हणायलेच पाह्यजे. तरी इचारून पाहू दे, अकोल्याची पाटी मले लिहू देशीन काय?