गार काचेवरचा थर

प्रिय ठमे,

सात महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, म्हणून तू मला मनसोक्त शिव्या घातल्या असशील. घाल. पण आधी बातमी ऐक. तुझी ती ‘वाया गेलेली’ काच पेटली! आणि पेटली म्हणजे काय, अगं, डोळे दिपले माझे. परवा प्रयोगशाळेतला कप्पा आवरताना सापडली, तुझ्या गिचमिड अक्षरातल्या चिठ्ठीसकट. टाकून देण्याआधी सहज तारा जोडून बघितल्या. वीज नेहमीच्या काचांएवढीच, आणि उजेड जवळजवळ दीडपट. माझा विश्वासच बसेना, तीनदा मोजलं.

झालं काय, सांगते. आपण काच तापवायचो आणि तिच्यावर त्या उजेड देणाऱ्या रसायनाच्या वाफेचा थर बसवायचो ना, तेव्हा ते काडीसारखे लांबट रेणू कुणी उभे, कुणी तिरपे, मनाला येईल तसे बसायचे आणि बराच उजेड आतल्या आत जिरायचा. तुझी काच गारच राहिली, तर सगळे शहाण्यासारखे आडवे झोपले आणि उजेड सरळ बाहेर! खात्रीसाठी मी मुद्दाम गार काचेवर आणखी तीन थर केले. तिन्ही तसेच. सर तर खुर्चीत टेकेनात.

याच काचेवरून ते तुझ्यावर केवढे तडकले होते. हीटर लावायला विसरलीस म्हणून. तू रडवेली होऊन सांगत होतीस, लावला होता, नक्की लावला होता. कुणी ऐकलं नाही आणि महिनाअखेरीस तुझ्या नोकरीची मुदत काही वाढली नाही. निघताना तू मला मिठी मारलीस आणि मी तुला वर धीर दिला, होतं गं असं कधीकधी म्हणून. आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझी खोड तुला ठाऊक आहे, बटण चालू दिसलं की बंद करायचं. घरी हे पंख्याखाली बसलेले असतात आणि मी पंखा बंद करते. त्या दिवशी जेवायला जाताना हीटर मीच बंद केला, ठमे. सर तुला ओरडत होते तेव्हाच मला आठवलं, आणि माझी दातखीळ बसली. नोकरी जाईल म्हणून भ्याले. आज सकाळी सरांना सगळं सांगून टाकलं. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं, आणि जागाही तुझीच. माझं काय करायचं ते मग ठरवणार आहेत. उद्या तुला त्यांचा फोन येईल. त्याआधी हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून पत्र आत्ताच तुझ्या दाराखालून सरकवून जाते आहे. बेल वाजवायची हिंमत नाही. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल. पण सरांना हो म्हण.

तुझीच,
भित्री ताई