ह्यांचं एक्झिबिशन

४ ऑगस्ट
आज ह्यांनी तो शब्द तीनदा वापरला. पिवळी साडी नेसले — "कशाला एक्झिबिशन?" बाल्कनीत परकर वाळत घातले — "एक्झिबिशन मांडलंय!" शेजारच्या मल्लाप्पांच्या विनोदाला मोठ्यानं हसले, तर आत आल्यावर पुन्हा तेच.

मुद्दाम डिक्शनरी काढली. प्रदर्शन, देखावा — आणि हुशार विद्यार्थ्याची शिष्यवृत्तीसुद्धा! आमच्या घरात मात्र एकच अर्थ. वासंती, झाक!

६ ऑगस्ट
स्वतः दुपारभर आरामखुर्चीत. अंगात भोकाचा गंजीफ्रॉक, तोंड सताड उघडं. याला काय म्हणायचं? मी गुपचूप पेन्सिल काढली.

९ ऑगस्ट
चित्रकलेच्या क्लासात वाणीनं वही पाहिली. शिकवणारी ती, पण माझ्याहून तीस वर्षांनी लहान. कोणाचं चित्र, ते तिला ठाऊक नाही. "अक्का, हे आपल्या एक्झिबिशनला लावूया!"
"नको गं बाई."
"स्वल्प धाडस करा की!"

दिलं! इथे येलहंक्यात अर्धे लोक ह्यांना हेडक्लार्क श्रीधरराव म्हणून ओळखतात. रिटायर झाले तरी रुबाब तोच. गंजीफ्रॉकातले हेडक्लार्क! हसू येतंय आणि धास्तीही. चाळीस वर्षांत ह्यांना चारचौघांत मान खाली घालायला लावली नाही मी.

१४ ऑगस्ट
घरी भजनाची थाप मारून एक्झिबिशनच्या हॉलवर गेले. चित्र दाराशीच! खाली माझं नाव. आणि पहिले आले कोण — मल्लाप्पा! पोट धरून हसले. "अक्का, अगदी तेच!" आता ह्यांच्या कानावर जाणारच. मेले मी.

१५ ऑगस्ट
हे पाच वाजता इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.
"कुठे?"
"बँकेत."
पंधरा ऑगस्टला!

१६ ऑगस्ट
पुन्हा बँक. जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. फार वाईट वाटतंय. उद्या चित्र उतरवून आणते.

१७ ऑगस्ट
चित्र उतरवायला गेले. अभिप्रायाच्या वहीत ह्यांचं ऑफिसातलं वळणदार अक्षर.

"१५ ऑगस्ट. नाक मोठे काढले आहे."

"१६ ऑगस्ट. घरी आरशात तपासले. नाक बरोबर आहे. चित्रातील गृहस्थ मीच. काढणारी माझी पत्नी."