गाळाला दिलेलं नाव

गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

नंदिनी येऊन गेली. प्राचार्यांनी तिला स्पष्ट सांगितलंय — दिल्लीहून संशोधन प्रकल्प मिळाला तर भूगोल विभाग राहील, नाहीतर एप्रिलअखेर बंद. विभाग म्हणजे आता ती एकटीच, तीही तासिका तत्त्वावर. मी होते तेव्हा आम्ही चौघं होतो आणि नकाशांची स्वतंत्र खोली होती. त्या खोलीत आता मॅनेजमेंटची मुलं बसतात.

अर्ज दाखवायला आणला होता. ‘तळवली किनाऱ्यावर दरवर्षी साठणारा गाळ : प्रत्यक्ष मोजणी.’ एवढंच नाव. वाचताना गलबलून आलं. खाडीच्या चिखलातल्या त्या सळया मी रोवल्या होत्या. दिवाळीनंतरच्या मोठ्या ओहोटीला जायचं, प्रत्येक सळई किती बुडाली ते बघायचं. नंदिनी तेव्हा माझी विद्यार्थिनी. मी निवृत्त झाल्यावर तिने एकही वर्ष चुकवलं नाही. खाडी किती उथळ होतेय, म्हणजे उद्या उधाणाचं पाणी कुठवर चढेल, ते यावरूनच कळणार. बोटभर गाळ उपग्रहाला दिसत नाही.

“पैसे मिळाले तर गाळ लॅबमध्ये पाठवता येईल, मॅडम. कुठून आला, किती जुना, सगळं कळेल.”

सुभाष आतून म्हणाला, “भूगोलाला कोण पैसे देतंय? मुलं रस्ता मोबाईलला विचारतात.”

“काका, मोबाईललाही कुणीतरी रस्ता सांगावा लागतो.”

माझ्या नवऱ्याला गप्प करणारी माणसं कमी. ही त्यातली एक.

रविवार, २२ सप्टेंबर

झोपेचं खोबरं झालंय. तिचा अर्ज डोळ्यांसमोरून हलत नाही. इतका साधा, इतका खरा — आणि म्हणूनच नापास होणार.

मला माहीत आहे ना. मी नोकरीला लागले तेव्हा ‘भूमिवापर’ म्हटलं की पैसे मिळायचे. मग रिमोट सेन्सिंग आलं. त्सुनामीनंतर सगळे एका रात्रीत आपत्ती व्यवस्थापनवाले झाले. पुढे हवामानबदल. मी आपली दरवेळी तोच चिखल घेऊन दारात उभी. दोनदा अर्ज केला, दोनदा परत आला. विश्वजित शिकताना माझ्याच वर्गात होता, हुशार. वारा पाहून पाठ फिरवायचा. आज दिल्लीत भूगोलाच्या समितीवर आहे. मी हट्टाने शब्द बदलले नाहीत. त्याला मी तत्त्व म्हणायचे. सळयांचं काय भलं झालं त्या तत्त्वाने?

आता एआयचे दिवस आहेत. मग तसं लिहू!

शुक्रवार, २७ सप्टेंबर

चार दिवस लिहितेय. किती वर्षांनी असं इंग्रजी लिहिलं! शाळेत सिस्टर बर्नाडेट माझे निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवायच्या. घरी कुणी इंग्रजी बोलत नसे. बाबा पोस्टात. पण माझा निबंध वाचला जात असताना मी मान खाली घालून बाकावरच्या रेघा मोजायचे, आणि आतून फुलून यायचे. या चार दिवसांत तसंच झालं.

अर्जाचं नाव आता दीड ओळीचं आहे. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, लवचिक किनारे आहेत, नील अर्थव्यवस्थाही आहे. गाळ शेवटी आहे. सळया आत कुठेतरी, तिसऱ्या पानावर.

नंदिनीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. मध्येच म्हणाली, “मॅडम, पण मग ते विषयक्षेत्र...”

“आधी पूर्ण ऐक गं.”

पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “खूप सुंदर लिहिलंय, मॅडम.”

“हेच पाठव.”

“नक्की?”

“डोळे मिटून.”

सोमवार, ३० सप्टेंबर

तिचा मेसेज. अर्ज गेला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काल पौर्णिमा झाली, आज पाणी लांबवर मागे गेलं होतं. नंदिनीबरोबर मीही गेले. तळवलीचा शिवराम होडी घेऊन आला. मला म्हणाला, “मॅडम, तुमी आथंच बसा. चिखलान पाय गेला त काराला क्रेन आनाय लागल.” हसत होता, पण हात धरून नीट बांधावर बसवलं.

गुडघ्यांनी दगा दिलाय हे खरंच. बसल्या बसल्या तिला बघत होते. गुडघाभर चिखलात एकेका सळईपाशी वाकून ओरडून आकडे सांगत होती, मी लिहून घेत होते. पलीकडे टॉवरच्या काचा चमकत होत्या. मी पहिल्यांदा आले तेव्हा इथून नजर टाकली की मिठागरं दिसायची.

परतताना म्हणाली, “प्रकल्प मिळाला तर तुम्हाला सल्लागार दाखवणार आहे. नाही म्हणायचं नाही.”

मी कसली नाही म्हणतेय.

मंगळवार, २१ जानेवारी २०२५

आज तिची मुलाखत होती, ऑनलाइन. संध्याकाळी आली ती चप्पल काढून सरळ पंख्याखाली बसली.

समितीत पाच जण, पाचही कॉम्प्युटरवाले. भूगोलाचा एकही नाही. मला आश्चर्य वाटलं. तिला वाटलेलं दिसलं नाही. पहिलाच प्रश्न — एआय मॉडेलला शिकवायला तुमच्याकडे माहिती किती आहे?

“तू काय सांगितलंस?”

“खरं ते. बावीस सळया. वर्षाला बावीस आकडे.”

मग म्हणे एक जण खोकला. हसू दाबताना खोकतात तसा. दुसऱ्याने विचारलं, हे पट्टी घेऊन मोजता? ती म्हणाली, हो. आठव्या मिनिटाला ‘थँक यू’.

सुभाषने आपणहून चहा केला. यावरून काय ते समजावं.

बुधवार, १२ मार्च

नाही मिळाला.

रविवार, ६ एप्रिल

विश्वजितचा फोन. रामनवमीच्या शुभेच्छा, गुडघे, नातवंडं. मग सहज म्हणाला, “जयू, यंदा भूगोलाच्या समितीपुढे धड अर्जच नव्हते गं. सगळे पळाले एआयकडे. आले ते सगळे भरताड. एकालाही पैसे दिले नाहीत, निधी तसाच परत गेला. तुझी ती सळयावाली मुलगी कुठे होती? पुण्याच्या परिषदेत बोलली होती ती. तिचा अर्ज असता तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. इतक्या वर्षांची प्रत्यक्ष मोजणी आता उरलीय कुणाकडे?”

मी विचारलं, “कुठला अर्ज कुठल्या समितीकडे जातो, हे कोण ठरवतं?”

“कोण कशाला? आपणच. नावात जे शब्द घालतो, जे क्षेत्र निवडतो, त्यावरून जातो.”

दीड ओळीचं नाव. माझं. तिचं साधं नाव ठेवलं असतं तर अर्ज विश्वजितच्या टेबलावर गेला असता. मी तो उचलून परक्यांच्या दारात नेऊन ठेवला, आणि तिला मुलाखतीला पट्टी घेऊन उभं केलं.

आयुष्यभर शब्द बदलले नाहीत. बदलले ते तिचे. तेही बरोब्बर चुकीच्या वर्षी.

सुभाषला सांगितलं. मला वाटलं टोमणा मारेल. म्हणाला, “तिला सांगणार आहेस?”

शनिवार, १२ एप्रिल

आज सांगायचं होतं. आंब्याची पेटी आणायला एपीएमसीत गेलो, तिथेच दुपार झाली. तिच्यासाठीही एक पेटी घेतली. आंबे पाठवणं सोपं असतं.

रविवार, २० एप्रिल

नंदिनीला कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत काम मिळालंय. ट्रकांचे मार्ग आखायचे. फोनवर म्हणाली, “नकाशेच आहेत, मॅडम.” आवाज नेहमीसारखाच. नोव्हेंबरात रजा मिळेल का, असं मी विचारलं. “नव्या माणसाला कोण देतं? बघू.”

ज्या वर्षी कुणी चिखलात उतरणार नाही, त्या वर्षाचा आकडा नंतर कुठूनही आणता येत नाही. हे वाक्य वर्गात किती वेळा बोलले असेन.

मंगळवार, २९ एप्रिल

उद्या तिचा कॉलेजचा शेवटचा दिवस. आज गेले. ती कपाटातले नकाशे गुंडाळत होती. दार लोटून घेतलं आणि विश्वजित जे बोलला ते सगळं सांगून टाकलं. माफी मागितली.

तिने हातातला नकाशा बांधून पूर्ण केला.

“मला माहीत होतं, मॅडम. फॉर्म भरतानाच दिसत होतं, कॉम्प्युटरच्या समितीकडे जाणार म्हणून. जुनं नाव टाकून पाहिलं तर भूगोल येत होता.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही फोनवर वाचून दाखवत होतात. रिटायर झाल्यापासून तुम्हाला इतकं खूश मी ऐकलंच नव्हतं.”