राखणीला कोण

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन सोडून पत्रं लिहायची तुझी युक्ती झकास आहे. बाबांना पलीकडच्या खोलीतून कान देता येत नाही, आणि इथं रानातल्या ठाण्यावर फोन तसाही लागत नाही. मालकीणबाईंनी दुसऱ्या गावातला चष्म्यांचा नवा कारखाना तुझ्या हाती द्यायचं ठरवलं, हे वाचून मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो. इतकी वर्षं काचा घासल्यास, आता दुसऱ्यांना घासायला लाव. एक मार्चला हजर व्हायचंय ना? मग बॅग आत्ताच भर.

मी सध्या सातभाई आणि कोतवाल या पाखरांच्या मागं हिंडतोय. सातभाई खाली पाचोळ्यात किडे उकरतात, कोतवाल वर फांदीवर असतो. ससाणा दिसला की तो ओरडतो आणि खालचे सगळे झुडपात पळतात. त्याच्या भरवशावर ही मंडळी मान वर न करता पोटभर खातात. पण कोतवाल महा लबाड. कुणाला जाडजूड अळी सापडली की हा ससाणा नसतानाच ओरडतो, सगळे पळतात, आणि अळी याच्या पोटात. मला आपल्या घरातलं कुणीतरी आठवलं. नाव घेत नाही, तू हसशील.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या

दि. १३ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

हसले नाही. रविवारी मी कपाटावरची बॅग खाली काढली, तिची चेन ओढली, आणि बाबांच्या छातीत कळ आली. डॉक्टर धावत आले, तपासलं, काही नाही म्हणाले. मी बॅग परत वर टाकली, तसे बाबा उठून बसले आणि चहा मागितला. मला ते स्थळ आलं होतं तेव्हाही हेच झालं होतं, आठवतं ना?

तू म्हणशील, नाटक आहे. मीही मनातल्या मनात म्हणते. पण गेल्या थंडीत अटॅक आला ते नाटक नव्हतं, आणि त्या दिवशीही ते अगदी असेच कण्हले होते. दाराची कडी आतूनच आहे रे, मीच लावते, तरी मला ती काढता येत नाही. जीव गुदमरतो माझा या घरात.

तुझे ते सातभाई इतके बावळट कसे? एकदा फसले, दोनदा फसले, मग त्याचं ऐकणं सोडत का नाहीत? तेवढं कळव. अंगात गरम घालत जा.

तुझी,
ताई

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बावळट नाहीत गं. कोतवाल बरेचदा खरंच सांगतो, तिथंच तर मेख आहे. खोट्या हाकेला पळालं तर अळी जाते, खऱ्या हाकेला बसून राहिलं तर जीव जातो. मग पळालेलं बरं. कोतवाल नसला की ते आपल्यातलाच एक राखणीला वर बसवतात. वर बसलेला खात नाही, नुसता बघत राहतो. थोड्या वेळानं दुसरा वर येतो, मग पहिला खाली उतरून खातो. त्यांची शिस्त बघत राहावी अशी आहे.

बाबांसाठी दिवसभराची एखादी बाई ठेव. मी आलो असतो गं, पण जाळी नुकतीच लावलीत, पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायचं काम ऐन भरात आहे, आणि रजेचं नाव काढलं की साहेबांचं तोंड वाकडं होतं. शिवाय बाबांना तूच लागतेस. तू खंबीर आहेस. निघ बिनधास्त.

रागावू नकोस, लोभ कर.

तुझा,
बाळ्या

दि. २४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,
आशीर्वाद.

बाई ठेवली होती. बाबांनी तिला दुपारपर्यंत पिटाळली, म्हणे ती टक लावून बघते. मालकीणबाईंनी बजावलंय, एक तारखेला आले नाही तर जागा दुसरीला.

वर बसलेला खात नाही, हे किती कौतुकानं लिहिलंयस. अरे, आई गेल्यापासून मी वरच बसलेय. तुझं रान, तुझी जाळी, तुझे साहेब, सगळं तू मान खाली घालून करतोस, कारण वर ताई आहे. तू जा, असं मीच म्हणाले होते, त्याचा राग नाही. पण जे तुझ्या पाखरांना कळतं ते तुला कळू नये? आणि खंबीर म्हणू नकोस मला. तसं म्हटलं की म्हणणारा मोकळा होतो.

तू ये. मला खाली उतरायचंय.

लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिलं.

ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारखान्यातल्या मुली तुला टरकून असतात, हे तुझ्या पत्रातलं मी बाबांना वाचून दाखवलं. गालातल्या गालात हसले.

मी रजा काढून आलो आणि तू निघालीस, त्या सकाळी त्यांना कळ आलीच. मी नाडी धरून शेजारी बसून राहिलो, धावाधाव केली नाही. थोड्या वेळानं ते पेपर मागू लागले. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच होतं? ताईनं उगाच इतकी वर्षं घालवली. असं मनात आलं खरं, आता त्याची लाज वाटते.

रजा संपत आली म्हणून काल दुपारी मी बॅग भरायला घेतली. बाबा दारात येऊन उभे राहिले. चौकटीला धरून हळूहळू खाली बसले. घामानं डबडबले होते. मी नाडी बघितली, परत बघितली, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही गं. डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी काही दिसत नाही, पण या वयात काय सांगावं.

साहेबांना कळवून टाकलं की माझ्या जागी दुसरा माणूस बघा. शर्ट तुझ्या खणात ठेवलेत. बाबा आता स्वस्थ झोपलेत आणि मी खिडकीशी बसून लिहितोय. रस्त्यावर माणसं कुठं कुठं चाललीत, त्यांचा फार हेवा वाटतो.

आता एक नीट ऐक. आज ना उद्या माझाही धीर सुटेल, आणि बाबांचं जास्त झालंय, लगेच निघ, असं मी तुला लिहीन. ते खरं असलं तरी येऊ नकोस.

लोभ तिकडूनच करावा, ही विनंती.

तुझा,
बाळ्या