भुंड्या हातांची सिस्टर

सिस्टर, आज उंद्रीत एका पोरीला मी पाळण्यात घातलं! मी, या भुंड्या हातांनी! घरी येऊन चप्पल काढली न काढली तोच लिहायला बसले आहे. चहा गॅसवर आहे, उतू गेला तर जाऊ दे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगायची होती.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मी नुकतीच नर्सिंग शिकून तुमच्या दवाखान्यात आलेली, बांगडीवाल्याची मुलगी. सून आत कळा देते आहे आणि सासू दारात आडवी उभी. "पांढरं लुगडं, भुंडे हात. अशी बाई बाळंतिणीपाशी नाई चालत." लग्नच न केलेली ख्रिस्ती जोगीण आणि नवरा गेलेली बाई, तिच्या लेखी दोघी सारख्याच. मी हुशारी केली. अब्बांच्या पेटीतला हिरव्या बांगड्यांचा जोड माझ्या पिशवीत होता, तो हळूच तुमच्यापुढे धरला. तुमच्या केरळी वळणाच्या वऱ्हाडीला एरवी सगळं गाव हसायचं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. "ह्या घालून मी आत जाईन व. मंग उद्या जिचा नवरा मरन, तिले कोण आत घेईन? ठेव पिशवीत." एवढं बोलून तुम्ही उंबऱ्यावरच बसलात आणि तिथूनच आतल्या बाईला धीर देऊ लागलात. मला इतका राग आला होता तुमचा! बाई जिवानिशी जाईल आणि यांना गावाचं पडलंय, असं वाटत होतं. तेवढ्यात आतून आरोळी आली, "आत्याबाई, तिले येऊ द्या, नाई त मीच बाहेर येऊन बाळंत होतो!" सासू बाजूला झाली. अर्ध्या तासात मुलगा झाला.

त्याच मुलाला आता मुलगी झाली, आमच्या उपकेंद्रात, माझ्या हातून. आज बारसं होतं. माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून बाळंतपणाला मी सगळ्यांना चालते, बारशाला मात्र भिंतीकडेची जागा. आजही तिथेच बसले होते. पाळण्याभोवती बायकांची ही गर्दी! आणि मुलीची आजी, तीच तेव्हाची सून, गर्दीतून वाट काढत माझ्यापुढे येऊन उभी राहते.

"सिस्टर, उठा. पोरीले तुमीच घाला पाळण्यात."

"अवं, पन त्याहिचे हात..." कोणीतरी पुटपुटलं.

"त्याच हातावर जलमली ना ते? तवा चालले, मंग आता काऊन नाई?"

काय सांगू, सिस्टर! बायका माझ्या हातांकडे बघत होत्या आणि पोर खुशाल जांभया देत होती. मी तिला पाळण्यात ठेवलं, दोरी ओढली, आणि सगळ्यांसमोर रडले. कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी, तिचेही हात भुंडे, उठून आली आणि तिनंही दोरीला हात लावला. तिला कोणी अडवलं नाही. तुम्ही त्या दिवशी उंबऱ्यावर का बसलात ते मला आज कळलं.

आता एक सांगते, रागवू नका. आज निघताना मी पिशवीत हिरव्या बांगड्यांचा जोड टाकला होता. कोणी पाळण्यापाशी हटकलं असतं, तर मी तो मुकाट्यानं चढवला असता. त्या बांगड्या अजून पिशवीतच आहेत. हा कागदही तिथेच ठेवते.